पदरची तीन वाक्यं

तिला सगळे बोलकी म्हणत. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं आणि तिथंच राहिलं. आई-वडील दोघंही जन्मापासून कर्णबधिर, आणि त्यांच्या पोटी ही एकुलती एक मुलगी कानांनी ठणठणीत निघाली. दीड वर्षाची असताना ती घरात हातांनी खाऊ मागायची आणि शेजारणीकडे गेली की तोंडानं मागायची. दोन्हीकडे मिळायचा, त्यामुळे बाळसं चांगलं होतं. बोलकी हे नाव त्या शेजारणीनंच ठेवलं आणि ते तिला लग्नानंतरही पुरलं.

ज्या घरात कुणाला ऐकू येत नाही त्या घरात आवाज फार होतो, हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही. पातेली आपटतात, खुर्च्या फरफटतात, दारं धाडकन लागतात आणि लावणाऱ्याच्या कपाळावर साधी आठीसुद्धा उमटत नाही. खालच्या मजल्यावर घरमालक राहायचे. ते तणतणत जिना चढून यायचे आणि दारात उभं राहून तिच्या वडिलांना नाही नाही ते बोलायचे. वडील लेकीकडे बघायचे. सात वर्षांची बोलकी हातांनी सांगायची, "काका विचारतायत, तुमची तब्येत कशी आहे?" वडील खूश होऊन मालकांचा हात हातात घ्यायचे, त्यांना खुर्चीत बसवायचे आणि चहा टाकायला लावायचे. शिव्या घालायला आलेला माणूस चहा पिऊन खाली जायचा. अकरा वर्षं हे असंच चाललं. असा देवमाणूस घरमालक मिळायला नशीब लागतं, असं वडील आजही म्हणतात. आणि गंमत अशी की पुढं पुढं मालक खरंच बरे वागायला लागले होते.

लोकांचं बोलणं वडिलांपर्यंत पोचवताना त्यातले खडे वेचून टाकायचे, ही सवय तिला तेव्हापासून जडली. यात कुणाचं काही बिघडत नाही असा तिचा समज होता. समज पक्का व्हायला अकरा वर्षं पुरेशी असतात.

मोठी झाल्यावर तिनं खुणांच्या भाषेचं रीतसर शिक्षण घेतलं आणि दुभाषी झाली. पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्या बाईंनी फळ्यावर दोन शब्द लिहिले: जेवढं तेवढंच. समोरचा शिवी देईल तर शिवी पोचवायची, खोटं बोलेल तर खोटं पोचवायचं, ना मीठ घालायचं ना साखर. आणि बोलायचं ते 'मी' म्हणून. 'साहेब म्हणतात की मी येईन' असं नाही. नुसतं 'मी येईन'. तेवढ्या वेळापुरते दुभाष्याचे हात दुसऱ्याच्या मालकीचे असतात. बोलकीनं हे वहीत उतरवून घेतलं, परीक्षेत लिहिलं आणि पुढं वीस वर्षं कचेऱ्यांत, शाळांत, दवाखान्यांत बहुतेक वेळा पाळलंसुद्धा. त्या 'बहुतेक'मध्येच सगळी गोम आहे.

गावाचे नगराध्यक्ष, ज्यांना सगळे साहेब म्हणत, ते नऊ वर्षांपूर्वी पहिल्यांदा निवडून आले तेव्हा कर्णबधिर मंडळाकडे बसायला स्वतःचं बाकडंही नव्हतं. मंडळ बागेत भरायचं. अंधार पडला की सभा तहकूब, कारण हात दिसले नाहीत तर बोलणार कसं? साहेबांनी वाचनालयामागची मोठी खोली मंडळाला दिली. चांगले पांढरे दिवे लावून दिले. तिथं शिवणाचा वर्ग काढला. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, दर सोमवारी संध्याकाळी सात वाजता ते टीव्हीवरून गावाशी बोलायचे, त्या पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात त्यांनी एक चौकट काढायला लावली. त्या चौकटीत काळा सदरा घालून बोलकी उभी राहायची. तोवर पाणी जाणार आहे हे मंडळातल्या लोकांना नळ कोरडा पडल्यावर कळायचं. आता ते त्यांना ऐकणाऱ्यांच्या बरोबरीनं, त्याच क्षणी कळायला लागलं.

बोलकीचे वडील मंडळाचे अध्यक्ष. सगळं आयुष्य छापखान्यात अक्षराचा एकेक खिळा उचलून मजकूर जुळवण्यात गेलेलं. अक्षर इकडचं तिकडं झालेलं त्यांना खपायचं नाही. आई जाऊन सोळा वर्षं झाली होती. वडील लेक-जावयाच्या घरात पुढच्या खोलीत राहायचे. सोमवारी पावणेसातलाच ते सदऱ्याची वरची गुंडी लावून टीव्हीसमोर ताठ बसायचे, जणू काही साहेब त्यांनाच भेटायला येतायत. मंडळात प्रत्येकाची एक खूण असते आणि तीच त्याचं नाव. साहेब बोलताना नेहमी उजवा हात छातीवर ठेवायचे, म्हणून त्यांचं नाव छातीवर हात.

आणि मग एके दिवशी शिवणबाईनं वर्तमानपत्राला मुलाखत दिली.

शिवणबाई म्हणजे मंडळाच्या शिवणवर्गाची शिक्षिका. तिशीतली, एकटी, ऐकू येणारी. पण वर्गातल्या बायकांशी बोलता यावं म्हणून तिनं दोन वर्षांत खुणांची भाषा अशी उचलली की तिच्या हातांची बोलकीलाही कधी कधी असूया वाटायची. तिला सहा वर्षांची मुलगी होती. ती मुलगी साहेबांची आहे, ते आठवड्यातून दोनदा घरी यायचे, आणि आता पोरीला शाळेत घालताना बापाचं नाव द्यायला नकार देतायत, एवढं तिनं सांगितलं. गाव हादरलं. साहेबांना बायको होती, मोठे मुलगे होते, आणि त्यांच्या चारित्र्याच्या गोष्टी शाळेत मुलांना सांगायचे. निम्मं गाव म्हणालं, शक्य नाही. उरलेलं म्हणालं, सोमवार येऊ दे, साहेब काय ते सांगतील.

सोमवार आला. साहेब कॅमेऱ्यासमोर बसले. बोलकी त्यांच्यापासून चार हातांवर, दिव्याखाली. साहेब म्हणाले, "माझ्यावरच्या आरोपांत काडीचंही तथ्य नाही. हे विरोधकांचं कारस्थान आहे. मी कामावर विश्वास ठेवणारा माणूस आहे." मग त्यांनी पाण्याच्या टाकीचा विषय काढला.

एवढंच. पण बोलकीनं नऊ वर्षं त्या माणसाच्या बाजूला उभं राहून काढली होती आणि तिनं एक गोष्ट पाहिली. साहेबांचा उजवा हात छातीवर नव्हता. तो टेबलाखाली होता, मांडीवर, मुठीत. सबंध गावात ही गोष्ट फक्त तिच्या लक्षात आली, आणि तिनं काय करावं? ती उणीव भरून काढली. स्वतःचा हात छातीवर ठेवला. टीव्हीसमोर गुंडी लावून बसलेले वडील तिला दिसत होते. त्यांना साहेबांकडून नुसतं 'तथ्य नाही' आणि 'कारस्थान' मिळावं हे तिला पुरेसं वाटेना. साहेब खरे आहेत हे तिला ठाऊक होतं. म्हणजे, तिला तसं हवं होतं. तिच्या हातांनी पदरची तीन वाक्यं घातली. मी शपथ घेऊन सांगतो. त्या मुलीशी माझा काहीही संबंध नाही. ती बाई खोटारडी आहे.

सगळं मिळून चार सेकंद लागले असतील. लगेच ती पाण्याच्या टाकीवर आली.

गुरुवारी मंडळाची तातडीची सभा भरली. वडील उभे राहिले आणि म्हणाले की ज्या माणसानं आपल्याला हे छप्पर दिलं, त्यानं आपल्यासमोर शपथ घेतली आहे. आपण सगळ्यांनी ती डोळ्यांनी पाहिली आहे. त्याच्यावर चिखल उडवणारी बाई त्याच्याच छपराखाली वर्ग घेऊ शकत नाही. चाळीस हात वर झाले. वडील शिवणबाईपुढं गेले आणि त्यांनी वर्गाच्या कपाटाची किल्ली मागितली. ती हातांनी म्हणाली, "ते खोटं बोलतायत." वडील म्हणाले, "त्यांनी शपथ घेतली."

शिवणबाईनं किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली. मग तिनं दाराशी उभ्या असलेल्या बोलकीकडे पाहिलं आणि हात न हलवता, साध्या आवाजात म्हणाली, "ताई, हे ते बोलले नव्हते."

सगळ्या खोलीत ते ऐकू येणारी एकटी बोलकी होती. सगळ्यांनी शिवणबाईचे ओठ हललेले पाहिले आणि सगळे बोलकीकडे वळले, काय म्हणाली ते ऐकायला. वडीलही वळले. बोलकीनं खांदे उडवले आणि हातानं खूण केली: काही नाही.

शिवणबाईनं आपली कात्री आणि टेप पिशवीत टाकली आणि ती गेली. जाताना दार आपटलं. ते आपटल्याचंही बोलकीलाच ऐकू आलं.

पुढचे तीन आठवडे बोलकीनं मनाची समजूत घालण्यात काढले. माणूस या कामात फार हुशार असतो. ती स्वतःला सांगायची की शब्द माझे असतील पण गोष्ट खरी आहे. साहेबांना विचारलं असतं तर त्यांनीही हेच म्हटलं असतं. मी फक्त जरा ठासून बोलले. घरमालकाच्या बाबतीत काय बिघडलं होतं? भाकरी थापताना, बसमध्ये, रेशनच्या रांगेत तिचा हा खटला चालायचा आणि न्यायाधीशही तीच असल्यामुळे दर वेळी ती सुटायची. फक्त शिवणवर्गाच्या खिडकीवरून जायचं तिनं सोडलं. वाचनालयाला वळसा घालून जायला लागली.

चौथ्या आठवड्यात वर्तमानपत्रानं साहेबांच्या हातची पत्रं छापली. अक्षर सगळ्या गावाच्या ओळखीचं, कारण गावातल्या निम्म्या घरांत त्यांच्या सहीचं काही ना काही होतंच. एका पत्रात पोरीच्या पहिल्या दाताची चौकशी होती. आता बोलायला काही उरलं नव्हतं.

त्या सोमवारी साहेब म्हणाले, "ती मुलगी माझी आहे. कुटुंबाच्या काळजीपोटी तेव्हा मी सगळं सांगू शकलो नाही. कुणाची मनं दुखावली असतील तर क्षमस्व." मी खोटं बोललो, हे तीन शब्द त्यांनी उच्चारले नाहीत. ते घालावेत असं बोलकीला फार वाटलं. नऊ वर्षांत एवढा मोह तिला झाला नव्हता. पण या वेळी तिनं जेवढं तेवढंच पोचवलं.

बोलकीचा नवरा विजेचे मीटर वाचायचा. दिवसाला साठ-सत्तर घरं, म्हणजे गावाची नाडी त्याच्या हातात. त्या आठवड्यात तो रोज नवी बातमी आणायचा. एक आजी त्याला म्हणाल्या, मीटर पळून जात नाही, आधी ती भिंतीवरची तसबीर काढून दे, माझा हात पोचत नाही. तसबिरीत आजींचा सत्कार करताना साहेब होते. न्हाव्याकडे गिऱ्हाइकं भांग बदलून मागायला लागली होती, कारण डावा भांग साहेबांचा. आणि एक निवृत्त मास्तर दारातच रडवेले झाले. मास्तर म्हणाले होते, "दुसरं घर केलं ते त्याचं त्याला. पण सोमवारी सातला तो माझ्या घरात आला, माझ्या बायकोसमोर, माझ्या डोळ्यांत बघून खोटं बोलला. आणि मी त्याच्या बाजूनं भावाशी भांडलो. आता भावाला तोंड कसं दाखवू?"

"लोक चिडलेत त्यापेक्षा शरमलेत जास्त," नवरा बूट काढत म्हणाला. "खोटं त्यानं बोलायचं आणि मान यांनी खाली घालायची."

मास्तरांच्या डोळ्यांत साहेबांनी पाहिलं होतं. तिच्या बापाच्या डोळ्यांत कुणी पाहिलं होतं? साहेबांकडे तर ते बघतही नव्हते. ते कोपऱ्यातल्या चौकटीकडे बघत होते.

वडिलांनी त्या सोमवारी टीव्ही बंद केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळातल्या दोन ज्येष्ठांना घेऊन ते शिवणबाईच्या घरी गेले. दारातच त्यांनी किल्ली पुढं केली आणि माफी मागितली. सत्तरी उलटलेला माणूस, आयुष्यात कुणापुढं वाकला नाही. परत आल्यावर त्यांनी लेकीला सांगितलं की शिवणबाईनं किल्ली घेतली, तिघांना पाणी दिलं आणि म्हणाली, तुमचा काय दोष, तुम्ही जे पाहिलंत त्यावर विश्वास ठेवलात. वडिलांना हे शब्द फार मोठ्या मनाचे वाटले. बोलकीला ते कसे वाटले हे सांगायला नको.

मग वडील पत्र लिहायला बसले. चार दिवस लिहीत होते. रविवारच्या सभेत ते वाचून दाखवायचं, सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या आणि सोमवारी पत्रकारांना बोलावून बोलकीनं ते मोठ्यानं वाचायचं, असा त्यांचा बेत. शनिवारी दुपारी त्यांनी कागद लेकीपुढं ठेवला. अक्षरं छापल्यासारखी. 'महोदय, तुम्ही आम्हा सर्वांसमोर छातीवर हात ठेवून शपथ घेतलीत. त्या मुलीशी तुमचा संबंध नाही असं सांगितलंत. आमच्या शिक्षिकेला तुम्ही खोटारडी म्हणालात. तुमच्या शब्दावर विसंबून मी माझ्या हातानं एका निरपराध बाईचं काम काढून घेतलं. ऐकणाऱ्या लोकांशी तुम्ही खोटं बोललात ते ते बघून घेतील. आमच्याशी तुम्ही शपथेवर खोटं बोललात.'

"एखादा शब्द बदलायला हवा का?" वडिलांनी विचारलं.

बोलकीनं कागद दोनदा वाचला. त्या कार्यक्रमाची चित्रफीत कुणालाही मिळण्यासारखी होती. साहेबांच्या माणसांनी ती लावली असती आणि सगळ्या गावानं ऐकलं असतं की साहेबांनी शपथही घेतली नाही आणि कुणाला खोटारडीही म्हटलं नाही. लोक हसले असते. बहिऱ्यांना काय कळतंय, म्हणाले असते. पत्राखाली पहिली सही तिच्या वडिलांची असणार होती.

आणि तेव्हा तिला एक सोपा मार्ग सुचला. वाचायचं तर तिलाच होतं. मोठ्यानं वाचताना दोन वाक्यं गाळली, दोन बदलली, तर पत्रकारांना काय कळणार? आणि वडिलांना कुठं ऐकू येणार आहे? ते शेजारी ताठ उभे राहतील, सदऱ्याची गुंडी लावून, आणि त्यांना वाटेल आपलं पत्र वाचलं जातंय.

हे तिला किती सहज सुचलं याचीच तिला भीती वाटली. ती मोरीत गेली, नळ सोडला आणि बराच वेळ नुसती उभी राहिली. तिला स्वतःची किळस आली. वडिलांना तिनं सांगितलं की शब्द बदलायला नको, उद्या सभेत बोलू.

रविवारी सकाळी अकराला खोली भरली. पांढरे दिवे लागले. शिवणबाई मागच्या रांगेत, शिवणवर्गातल्या बायकांमध्ये बसली होती. वडिलांनी पत्र वाचून दाखवलं, सावकाश, प्रत्येक खूण मोकळी करून. लोक माना डोलवत होते. काहींचे डोळे भरून आले होते. पत्र संपल्यावर वडिलांनी सह्यांसाठी पेन काढलं, तेव्हा बोलकी उठून पुढं गेली.

तिनं सांगितलं. पहिल्यांदा खुणा एकमेकींत मिसळल्या म्हणून दोनदा सांगावं लागलं. "साहेबांनी शपथ घेतली नव्हती. ते म्हणाले तथ्य नाही, आणि कारस्थान म्हणाले. ते खोटंच बोलले. पण शपथ मी घातली. संबंध नाही, हे मी म्हटलं. खोटारडी मी म्हटलं. साहेबांचा हात छातीवर नव्हता, तो मी ठेवला."

ऐकणाऱ्यांच्या सभेत अशा वेळी कुजबुज होते. इथं ऐंशी हात मांडीवर पडले आणि तसेच राहिले. शेवटी एका म्हाताऱ्यानं विचारलं, का? बोलकी म्हणाली, "मला ते खरे असायला हवे होते. आणि तुम्हालाही तसंच वाटावं असं मला वाटलं." उत्तर खरं होतं, पण ते देताना तिला ते फार लहान वाटलं.

शिवणवर्गातल्या एका बाईनं शिवणबाईला विचारलं, तुला तर ऐकू येतं, तुला माहीत होतं? शिवणबाई म्हणाली, हो, पहिल्या दिवसापासून. मग का नाही बोललीस? "तुमच्याकडे ऐकायला एकच माणूस आहे," शिवणबाई म्हणाली. "मी बोलले असते तर तोही गेला असता. सांगायचं तर तिनंच सांगायला हवं होतं."

मग ती बोलकीकडे वळली. हात खाली ठेवले आणि आवाजात म्हणाली, "पण मी माफ केलंय असं समजू नका, ताई. माझ्या पोरीला वर्गातल्या बायका रस्त्यात ओळख दाखवेनाशा झाल्या होत्या. ती विचारायची, मी काय केलं?"

पुन्हा सगळे बोलकीकडे वळले. या वेळी बोलकीनं ते वाक्य न वाक्य पोचवलं. 'मी' म्हणूनच पोचवलं, नियमाप्रमाणे. स्वतःच्याच हातांनी स्वतःला ऐकवावं लागलेलं तिचं हे पहिलंच भाषांतर. सगळं सांगून झाल्यावर तिनं डोळे पुसले आणि खाली जाऊन बसली.

सभेनं ठरवलं की चौकटीत दुसरा दुभाषी हवा. शेजारच्या गावातून बोलवावा. वडिलांनी तो ठराव स्वतः लिहिला. पत्राची त्यांनी घडी घातली आणि खिशात ठेवली. लेकीकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

घरी परत येताना दोघं एकाच फूटपाथवरून चालले, वडील चार पावलं पुढं. ऐकणारा माणूस रुसला तरी कान बंद करू शकत नाही. कानावर काही ना काही पडतंच. वडिलांना ती सोय होती. घरी आल्यावर ते स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. बोलकी समोर बसली. मिटलेल्या डोळ्यांपुढं हात हलवून काय उपयोग? तिनं जेवण वाढलं, ते निवलं. नवरा दारातून डोकावला, परिस्थिती पाहिली आणि शहाण्या माणसासारखा बाहेर गेला. खिडकीतलं ऊन टेबलाच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेवर आलं.

मग वडिलांनी डोळे उघडले. बोलकी सावरून बसली. तिला वाटलं, आता ते बोलतील, रागावतील, आणि रागावले तर बरंच होईल. मंडळात चाळीस माणसांदेखत मान खाली घालायला लावलीस, असं म्हणतील. तिनं उत्तरही तयार ठेवलं होतं.

वडिलांनी विचारलं, "तुझी आई दवाखान्यात होती, त्या शेवटच्या संध्याकाळी डॉक्टर आपल्याशी बोलले. तू मला सांगितलंस, ते म्हणतायत काळजीचं कारण नाही, घरी जाऊन झोपा, सकाळी या." त्यांचे हात टेबलावर थांबले. "ते काय म्हणाले होते?"

वडील तेव्हा तीन दिवस जागे होते. उभ्या उभ्या तोल जात होता. ती पंचवीस वर्षांची होती, शिकलेली होती, जेवढं तेवढंच हा नियम तिला पाठ होता. तिला फक्त एवढंच वाटलं होतं की बाबांनी थोडं झोपावं. सोळा वर्षांत ते वाक्य ती विसरली नव्हती, आणि कुणी ते विचारेल असंही तिला कधी वाटलं नव्हतं.

वडील तिच्या हातांकडे बघत होते. चेहऱ्याकडे नाही, फक्त हातांकडे.

तिनं सांगितलं. डॉक्टर म्हणाले होते तसंच, त्याच क्रमानं. "आज त्यांच्याजवळ थांबा. सकाळपर्यंत त्या राहतील असं वाटत नाही. त्यांना अजून माणसं ओळखू येतायत."

वडिलांनी ते शेवटपर्यंत पाहिलं. मग त्यांनी पुन्हा सांगायला लावलं, आणि तिनं पुन्हा सांगितलं.

"मी घरी येऊन झोपलो होतो," ते म्हणाले.